सहा बाया जास्तीच्या

कौशल्या रामटेके हिच्याशी वागताना एक पथ्य पाळावं लागतं. तिच्या हातात कागद द्यायचा नाही. दिलाच, तर मग बसा वाट पाहत. ती तो पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचणार, ओठ हलवत, अक्षरांखाली बोट सरकवत. खाली बारीक अक्षरात छापखान्याचा पत्ता असेल तर तोही वाचणार, आणि मगच मान वर करून म्हणणार, "हं, बोला." लग्नाची पत्रिका असो, गॅसची पावती असो, तिच्याकडे भेदभाव नाही. समोसे बांधून आलेला वर्तमानपत्राचा तुकडासुद्धा ती उजेडाकडे धरते, तेलाच्या डागाखालचं वाचायला.

ही खोड बापाची. मनोहरराव नागपुरातल्या एका जुन्या कापडगिरणीत कामाला होते. ती गिरणी बंद पडायच्या वेळी शेकडो माणसांनी एका कागदावर न वाचता सह्या ठोकल्या, आणि मग उरलेलं आयुष्य स्वतःच्याच सहीला शिव्या घातल्या. मनोहररावांनी पोरीला दोनच गोष्टी बजावून ठेवल्या होत्या. "वाचल्याबिगर सही करू नोको. अन् संप सोपा असते बाई, संपानंतरचा महिना कठीण असते."

तर अशी ही कौशल्या. वय बावन्न. राहायला रामबागेत, कामाला बुटीबोरीच्या एका सूतगिरणीत, बावीस वर्षांपासून. सकाळी सव्वासहाला मेडिकल चौकातून कंपनीची बस. नवरा शरच्चंद्र गांधीबागेत कापडाच्या ठोक दुकानात गिऱ्हाइकापुढे तागे उलगडून दाखवतो. "बायको दिवसभर गुंडाळते, मी दिवसभर उलगडतो," असं तो पाहुण्यांना सांगतो, "म्हून तं संसार बरोबर चालून राहिला." हा विनोद तो पंचवीस वर्षांपासून करतोय आणि कौशल्या पंचवीस वर्षांपासून "झालं का?" विचारतेय.

गुंडाळते म्हणजे खरंच गुंडाळते. तिच्या खात्याचं नाव वाइंडिंग. छोट्या बॉबिनवरचं सूत मोठ्या, शंकूच्या आकाराच्या कोनावर चढवायचं, एवढंच काम. सहा मशीन, एकेक मशीन आगगाडीच्या डब्याएवढी लांब, आणि मशीनमागे दोन बाया. एकीने बॉबिन भरायच्या, दुसरीने तुटलेलं सूत, झाडझूड आणि तयार कोन पाहायचा. सूत तुटलं की तिथला लाल दिवा लागतो, की धाव घ्यायची. बारा बाया आणि शेकडो लाल दिवे.

मार्चच्या दहा तारखेला फळ्यावर नोटीस लागली. बाकीच्या बाया लांबूनच वाचून धास्तावल्या. कौशल्याने पिशवीतून चष्मा काढला, पदराने पुसला आणि बोट लावून वाचायला घेतलं. "वाइंडिंग खात्याच्या कामाचा शास्त्रीय अभ्यास केला असता प्रत्येक मशीनवर एक कामगार पुरेसा असल्याचे आढळून आले आहे. सबब एक एप्रिलपासून पुढील सहा महिला कामगार कमी करण्यात येत आहेत." खाली सहा नावं. पहिलं प्रयागबाईचं, शेवटचं काजलचं.

हा शास्त्रीय अभ्यास कोणी केला म्हणाल, तर फेब्रुवारीत मुंबईहून तीन साहेब आले होते. गळ्यात स्टॉपवॉचची घड्याळं, हातात टिपणवह्या. तीन दिवस शेडमध्ये उभे राहून कोणाचा हात किती सेकंद चालतो ते लिहीत होते. त्यांची बडदास्त अशी ठेवली होती की दिवाळसणाला आलेल्या जावयाची कोणी ठेवणार नाही. आणि पठ्ठ्यांनी काय केलं? खाल्ल्या घरचे वासे मोजले, आणि सहा वासे जास्तीचे आहेत म्हणून कळवलं!

प्रयागबाई बुटीबोरीच्या बाजूच्याच खेड्यातली. पंचावन्न वर्षांची, तोंडाची अशी फटकळ की कँटीनवाला तिच्या ताटात आधी वरण घट्ट पडलंय का ते पाहून मग पुढे सरकवायचा. एकुलती मुलगी, नागपुरात वसतिगृहावर राहून नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला. त्या दिवशी मात्र प्रयागबाईच्या तोंडून शब्द निघाला नाही. ती फळ्यासमोर नुसती उभी राहिली. काजल बालाघाटकडची, तेविशीतली, सहा महिन्यांमागेच कायम झालेली. तिने तिथेच रडायला घेतलं.

कौशल्या होती युनियनची उपाध्यक्ष. उपाध्यक्ष म्हणजे अध्यक्ष भाषणाला आले की त्यांची खुर्ची पुसणारी, असं ती स्वतःच म्हणायची. पण प्रयागबाईचा तो गप्प चेहरा तिला बघवेना, आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "सहातली एकबी बाई घरी जाणार नाही. माही जबान हाय."

बोलून तर गेली. जबान द्यायला काय लागतं? पाळायला लागतं!

दुपारी कँटीनमध्ये बारा जणी जमल्या. तिघीचौघींनी संपाचा धोशा लावला. कौशल्या म्हणाली, "संपाची नोटीस द्या, मंग दिवस मोजत बसा. तोवर एक तारीख निघून जाईन. अन् पगार बुडला तं काजलनं खोलीचं भाडं कुठून द्यावं?"

"मंग करायचं काय वं?" प्रयागबाईला दुपारपर्यंत वाचा फुटली होती. "साहेबाची आरती?"

"नाही. नियमानं काम."

तिने पिशवीतून एक पिवळी पुस्तिका काढली. गिरणीत लागताना प्रत्येकीला ती मिळाली होती. कोणी ती घरी टेबलाच्या आखूड पायाखाली घातली होती, कोणी उन्हाळ्यात वारा घ्यायला वापरून तिची चिंधी केली होती. कौशल्याने मात्र नोकरीच्या पहिल्याच रविवारी ती शेवटपर्यंत वाचली होती. बत्तीस पानं, एकोणपन्नास नियम. दर दोन तासांनी मशीन ब्रशने झाडावी. प्रत्येक कोन दिव्याखाली धरून पाहावा, मगच पेटीत ठेवावा. अडीच तासांनी दहा मिनिटं आळीपाळीने विश्रांती घ्यावी. प्रत्येक मशीनवर दोन कामगार असावेत, आणि खातेप्रमुखाच्या लेखी हुकुमाशिवाय कोणी मशीन सोडू नये.

आता ज्याने कुठे चाकरी केली आहे त्याला हे सांगायला नको की कोणतीही गिरणी नियमाने चालत नाही, समजुतीने चालते. घाईत असलो की झाडलं न झाडल्यासारखं करायचं, दहातला एक कोन पाहायचा, विश्रांतीच्या नावाने उभ्या-उभ्या पाणी प्यायचं, आणि सुपरवायझरने हाक मारली की मशीन टाकून धावायचं. हे सगळं सोडून पुस्तकाबरहुकूम चाललं तर काम निम्म्यावर येणार, मॅनेजर हात जोडत येणार. कायद्यात बसणारं आंदोलन, पगाराला हात नाही. बाया एवढ्या खूश झाल्या की प्रयागबाईने सगळ्यांना चहा सांगितला आणि पैसे मात्र कौशल्यालाच द्यायला लावले.

सोमवारी सुरुवात झाली. डोक्याला टोप्या, हातात ब्रश, प्रत्येक कोन दिव्याखाली. सकाळी दहाला सुपरवायझर ताराचंद आला. हा माणूस वाईट नव्हे, पण त्याला दिवसातून दहादा बाया लागायच्या. पॅकिंगला माणूस कमी, बाई पाठव. गोदामात मोजायचंय, बाई पाठव. तो प्रयागबाईच्या कानाशी येऊन ओरडला, "ऑफिसात पाहुणे आले हायेत. तुमच्या हातचा चहा पाहिजे म्हणते साहेब."

"लेखी आणा!" प्रयागबाई त्याहून मोठ्याने ओरडली.

"चहाचं लेखी?"

"नियम सदतीस!"

ताराचंदने कौशल्याकडे पाहिलं. कौशल्याने पिवळं पुस्तक वर करून दाखवलं. गडी निमूट गेला आणि पाहुण्यांना स्वतःच चहा करून पाजला. पाहुण्यांनी अर्धे कप टेबलावरच ठेवले म्हणतात.

पहिल्या दिवशी काम चौथाईने घटलं. बसमध्ये बायांनी टाळ्या पिटल्या. दुसऱ्या दिवशीही घटलं, पण थोडंसंच. बुधवारी पूर्वीइतकं झालं. काजल म्हणाली, "मौशी, आज कुछ गडबड है." कौशल्या म्हणाली, "होते एखाद्या दिवशी." गुरुवारी आकडा पूर्वीपेक्षा वर गेला. शुक्रवारी फळ्यावर खडूने लिहिलेला आकडा पाहून बारा बाया खिळल्यासारख्या उभ्या राहिल्या. खात्यात एवढं काम एका पाळीत कधीच निघालं नव्हतं. परत आलेले खराब कोन? एकही नाही.

"अरे बाप्पा!" प्रयागबाईने कपाळावर हात मारला. "कौशल्ये, हे आंदोलन हाय का वं? अवं, उत्पादन वाढून राहिलं नं! आपुनच आपला गळा कापून राहिलो!"

खरोखर असं कुठे ऐकलंय का? कंपनीला धडा शिकवायला निघालेल्या बायांनी कंपनीचा विक्रम करून ठेवला! बसमध्ये त्या दिवशी टाळ्या नव्हत्या. एक जण हळूच म्हणाली, "उद्या जरा ढिलं सोडू. एखादी बॉबिन उलटी लावली तं कोणाले समजते?"

"नाही," कौशल्या म्हणाली. "नियमात नाही ते करायचं नाही. चोरी करून भांडलो तं आपली बाजू खोटी होते."

"बाजू खरी ठेवून काय करते? लोणचं घालते?" तीच बाई म्हणाली.

घरी शरच्चंद्राने कौशल्याचा चेहरा पाहून त्या दिवशी विनोदसुद्धा केला नाही, तेव्हा तिला खरी भीती वाटली. सोमवारी मॅनेजरसोबत बैठक होती. मॅनेजर कागद पुढे करून म्हणणार, आजवर तुम्ही कामचुकारी करत होता हेच सिद्ध झालं. मग सहाच्या जागी आठ बाया गेल्या तर? बावीस वर्षांत तिने दिलेला शब्द खाली पडला नव्हता, आणि आता पडला तर प्रयागबाईच्या घरात पडणार होता.

सोमवारी सकाळी बसमध्ये ती आणि प्रयागबाई एका बाकावर. प्रयागबाई वर्ध्याकडे जाणाऱ्या रस्त्याकडे पाहत कुरकुरत होती. बुटीबोरीजवळ घर असलेली ही बाई नागपूरच्या बसमध्ये कशी, तर रविवारी मुलीला भेटायला वसतिगृहावर आली होती. "कंपनीत कदरच नाही कोणाले," ती म्हणाली. "ते घड्याळवाले साहेब माह्या हातचा चहा पिऊन डोलत होते. तीन दिवस म्या दुसरं कायबी केलं नाही. नुसता चहा, पोहे, चहा. अन् मलेच काढते मेले."

"काजल होती नं तुह्यासंग?"

"काजल कायले? ती रांगोळी काढत होती. रोज नवी. ते आपलं बोधचिन्ह का काय कंपनीचं, ते काढलं होतं तिनं. बाकीच्या चौघी त्याइले गिरणी दाखवाले, गोदाम झाडाले."

कौशल्या बाकावर सरळ बसली. "म्हणजे ते तिघं मशीनवर घड्याळ लावून उभे होते, तवा तुमी सहा जणी..."

"मशीनवर कुठून असणार वं? त्याइचीच खातिरदारी करून राहिलो होतो नं!"

मग कौशल्या अशी हसायला लागली की ड्रायव्हरने आरशातून मागे पाहिलं. प्रयागबाईला कळायला जरा वेळ लागला. कळलं तेव्हा तिने हसण्याआधी तीन दणदणीत शिव्या दिल्या, त्या इथे लिहिण्याजोग्या नाहीत.

बैठक अकराला होती. मॅनेजर पियुष एकतीस वर्षांचा, धरमपेठेतला, पुण्याला शिकून आलेला. ऑफिसात पुस्तकी मराठी बोलायचा. त्याने हसत हसत आलेखाचा कागद पुढे केला. "रामटेके ताई, अभिनंदन. विक्रमी आठवडा. पण माझी अडचण बघा. एवढं काम तुम्ही आंदोलनात करू शकता, मग आधी का होत नव्हतं? वरच्या साहेबांना मी काय सांगू?"

कौशल्याने कागद घेतला. पियुषने घड्याळाकडे पाहिलं, ताराचंदने छताकडे. ती पूर्ण वाचून झाल्यावर म्हणाली, "आकडे बरोबर हायेत साहेब. आता मी एक विचारते. या आठवड्यात प्रत्येक मशीनवर किती बाया होत्या?"

"दोन."

"अन् त्या आधी?"

"दोनच. कागदावर दोन आहेतच."

"कागदावर. ताराचंदजी, तुमी सांगा. मशीनवर किती?"

ताराचंदने घसा साफ केला. "म्हणजे... एक. कधी दीड. बाई लागते साहेब इकडेतिकडे. पॅकिंगले दोन माणसं कमी हायेत वर्षभरापासून, म्या तीनदा लिहून देल्लं."

"अन् घड्याळवाले आले ते तीन दिवस?"

ताराचंद टेबलावरचे कागद सरळ करू लागला. कौशल्याने त्याच्याकडे पाहिलं, आणि तिला त्याची दया आली. बिचाऱ्याने साहेबांचं स्वागत चांगलं व्हावं म्हणूनच तर केलं होतं सगळं. "साहेब," ती पियुषला म्हणाली, "तुमच्या मोबाइलवर त्या रांगोळीचा फोटो असंन. तुमीच काढला होता."

पियुषने मोबाइल उघडला. त्याने तो फोटो कंपनीच्या ग्रुपवर मोठ्या हौसेने टाकला होता. शेडच्या दारात रांगोळी. रांगोळीमागे तीन साहेब, गळ्यात घड्याळं. आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना हातात ताट, ट्रे, हार घेऊन हसणाऱ्या सहा बाया. प्रयागबाई, काजल आणि बाकीच्या चौघी. नोटिशीवरची सहाच्या सहा नावं. खाली वेळ छापलेली, अकरा वाजून चाळीस मिनिटं. भर पाळीची.

पियुष फोटोकडे बघत राहिला. मग त्याने नोटीस काढली, एकेक नाव फोटोशी ताडून पाहिलं. त्याचे खांदे हलायला लागले. "काय बाप्पा ताराचंदजी!" पुण्याची मराठी पार उडून गेली. "ज्या बाया त्याइले चहा पाजून राहिल्या होत्या, त्याच मशीनवर दिसल्या नाहीत म्हणून जास्तीच्या?"

"मले काय माहीत ते मोजून राहिले," ताराचंद पुटपुटला.

तिघंही हसले. पण हसणं ओसरल्यावर पियुषचा चेहरा उतरला. "ताई, अहवाल मुंबईला मंजूर झालाय. आता मी मोठ्या साहेबांना सांगू की आम्ही आमच्याच पाहुणचाराने तुमचा अभ्यास खोटा पाडला? पहिली मान माझी जाईल."

भांडायला आलेली बाई इथे खुशाल म्हणू शकली असती, जाऊ दे तुमची मान. कौशल्याने तसं केलं नाही. तिने खुर्ची जवळ ओढली. "तुमी एकटे काहून सांगता? आपुन दोघं सांगू. तुमी इंग्रजीत लिहा, आकडे मी देते."

दोघांनी मिळून दीड पानाचं पत्र लिहिलं. पियुषने लिहिलेलं प्रत्येक वाक्य तिने मराठीत वदवून घेतलं. एका ठिकाणी त्याने "कामगारांच्या मागणीवरून" लिहिलं होतं, ते तिने "आठवडाभराच्या कामावरून" असं करायला लावलं. दुसऱ्या दिवशी मोठ्या साहेबांसोबत संगणकाच्या पडद्यावर बोलणं झालं. मोठे साहेब मुंबईत, केस पांढरे, आवाज सावकाश. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, फोटो दोनदा पाहिला. मग थेट कौशल्याला विचारलं, "एक आठवडा म्हणजे काही नाही, बाई. नव्याची नवलाई असते. एप्रिलमध्ये आकडा पुन्हा पडला तर?"

पियुष टेबलाकडे बघत होता. कौशल्याला वाटलं, इथे मोठं भाषण केलं पाहिजे, अध्यक्ष करतात तसं. पण तिला ते येत नव्हतं.

"पडला तं पयलं नाव माहं लिहा," ती म्हणाली. "प्रयागबाईच्या वर. पण महिनाभर बाई मशीनवरून कोणी उचलाची नाही. पॅकिंगले दोन माणसं द्या. एवढंच."

मोठ्या साहेबांनी समोरच्या कागदावर काहीतरी लिहिलं. "महिना दिला," ते म्हणाले.

घरी आल्यावर शरच्चंद्र म्हणाला, "तुही नोकरी पैजेवर लावून आली?" आणि तिने मान हलवल्यावर तो उठला, आणि आयुष्यात पहिल्यांदा भाजी त्याने केली. भाजी खारट होती. दोघांनी पूर्ण संपवली.

एप्रिल आला तो नागपूरचा एप्रिल. बेचाळीस, त्रेचाळीस. शेडचा पत्रा तापायचा, टोपीखाली घामाच्या धारा. आता बाया कौशल्यालाच बोलायला लागल्या. "तुह्या पुस्तकापायी टोपी घालून मरून राहिलो," प्रयागबाई रोज म्हणायची, आणि तिची टोपी सगळ्यांत नीट बसवलेली असायची. दहा तारखेच्या सुमारास दोन दिवस वीज गेली-आली करत होती आणि आकडा धाडकन खाली आला. कौशल्याने त्या दिवशी डबा न उघडताच परत नेला. पण तिसऱ्या दिवशी पियुषने दुसऱ्या खात्यातला फिटर दोन तासांसाठी मागून आणला, सहाही मशीन तपासून घेतल्या. ताराचंद तर स्वतः रिकाम्या बॉबिनच्या टोपल्या ओढताना दिसला. त्याला कोणी सांगितलं नव्हतं. विचारलं तर म्हणाला, "बसून बसून कंबर धरली होती." आकडा हळूहळू वर आला. खराब कोन महिन्यात सगळे मिळून तीन.

एकोणतीस एप्रिलला, अकरा वाजून पंचवीस मिनिटांनी, पियुष स्वतः शेडमध्ये आला. त्या शेडमध्ये मशीनच्या घरघराटात बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून बाया हातानेच बोलतात. मूठ उलटी केली की बॉबिन संपल्या. तळहात आडवा धरला की थांबव. बोट हवेत गोल फिरवलं की चालू राहू दे. मॅनेजर लोकांना ही भाषा येत नाही, ते कानात ओरडतात. पियुष मधल्या वाटेवर येऊन उभा राहिला. मागे ताराचंद, दातांत हसू दाबून. बारा जणींचे डोळे त्याच्यावर खिळले. कौशल्याचा हात कोनावरच थांबला.

पियुषने दोन्ही हात वर केले. एका हाताची पाच बोटं, दुसऱ्याचं एक. सहा. मग त्याने तर्जनी हवेत गोल फिरवली. एकदा, दोनदा, आणि मग लहान पोरासारखा फिरवतच राहिला.

सहा. चालू.

काजलने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. प्रयागबाईच्या मशीनवर चार लाल दिवे लागले होते, तिला एकही दिसत नव्हता. सगळ्यांना धावत जाऊन एकमेकींच्या गळ्यात पडायचं होतं, आणि कोणालाही जाता येत नव्हतं, कारण मशीन सोडायची नाही हा नियम आता त्यांचाच होता. सुट्टीला पस्तीस मिनिटं होती. पस्तीस मिनिटं बारा बाया जागच्या जागी उभ्या राहून हसत होत्या, डोळे पुसत होत्या, आणि लाल दिवे विझवत होत्या.

बाराला, आळीपाळीच्या सुट्टीतल्या पहिल्या सहा जणी बाहेर आल्या. पाण्याच्या टाकीशी प्रयागबाईने कौशल्याचा दंड धरला.

"कौशल्ये, म्या तं वसतिगृहावर गेली त्याच रविवारी पोरीले सांगून टाकलं होतं. का आता माय घरी बसंन, तू शिकणं सोड, एखाद्या दवाखान्यात कामाले लाग. पोट्टी हौ म्हणे. एक शब्द उलट नाही बोलली. पुस्तकं बांधून ठेवली हायेत तिनं. आता तिले काय सांगू वं?"

कौशल्याने प्रयागबाईच्या पाठीवर हात ठेवला, तसाच राहू दिला.

"सांग," ती म्हणाली, "का मायची ड्युटी हाय. पुस्तकाइची गाठ सोड म्हणा."

प्रयागबाईने ओंजळीने तोंडावर पाणी मारलं, दोनदा, तीनदा. पदराने चेहरा पुसला, टोपी नीट केली, आणि सुट्टीची चार मिनिटं बाकी असतानाच जाऊन मशीनवर उभी राहिली.